चहूबाजूंनी अर्धा इंच

रणगाड्याचे डोके धडाच्या मानाने मोठे झाले आहे, हे काकूंच्या लक्षात आले तेव्हा मोठ्या दिरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. फिटरकाकांनी तो लोखंडी घुमट दोन्ही हातांनी उचलून धडावर ठेवला. सायकलच्या छर्ऱ्यांवर तो अलगद बसला, आणि दोघेही दोन पावले मागे सरून बघत राहिले. नातवाने आजोबांची टोपी घालून आरशासमोर उभे राहावे, तसा तो रणगाडा दिसत होता.

"छान बसला," काकू म्हणाल्या.

"बसला खरा," काका म्हणाले.

बोलताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. त्यांच्या संसारात असे फारच क्वचित होत असे. काकूंनी केलेली भाजी खारट झाली तर काका ते पहिल्या घासाला सांगत, आणि काकांनी ठोकलेला खिळा तिरका गेला तर काकू तो हातोडी खाली ठेवण्यापूर्वी दाखवत. एकमेकांची चूक पोटात ठेवायची पद्धत त्या घरात नव्हती. स्वतःची चूक पोटात ठेवायची वेळ मात्र दोघांवरही पहिल्यांदाच आली होती, आणि गंमत अशी की एकाच वेळी आली होती.

फिटरकाकांची सारी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रे दुरुस्त करण्यात गेली. यंत्राचा आवाज ऐकून कोणता स्क्रू सैल आहे ते सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. काकू त्याच कारखान्यात कापड बेतत. एका वेळी कापडाचे वीस थर त्या कात्रीखाली घालत, आणि विसाव्या थराची कड पहिल्या थराच्या कडेला जुळत असे. निवृत्त झाल्यावर काकांनी मागच्या खोलीत शेगडा आणि पकडी मांडल्या, काकूंनी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडले, आणि मधल्या खोलीत दोघे मिळून चहा पीत.

काकांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहत. बावीस वर्षे त्यांनी रणगाडा चालवला होता. मुळात बोलका माणूस. पण बायको गेली आणि दादांचे बोलणेच थांबले. जेवत, चालत, पेपर वाचत, विचारले तर मान हलवत, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, डोक्याचे फोटो काढले.

"घशाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बोलण्यासारखं काही सापडलं की बोलतील."

पुतणी नर्स होती. तिने बापाला बोलते करायला काय काय केले त्याला सीमा नव्हती. जुने मित्र बोलावले, रेडिओ आणला, उंबऱ्यावर पाय अडखळायला लागले तेव्हा बॅटरीवर चालणारी खुर्चीसुद्धा आणली. दादांनी त्या खुर्चीकडे एकदा पाहिले आणि काठी घेऊन फिरायला निघून गेले. पुढे त्या खुर्चीवर पुतणी ओले टॉवेल वाळत घालू लागली.

काकांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी आपल्या परीने एक प्रयत्न केला. बाजारातून त्यांनी एक खेळण्यातला रणगाडा आणला आणि दादांच्या हातात दिला. दादांनी तो उलटा केला. एका बाजूची चाके मोजली. पाच निघाली. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, तो रणगाडा तोंड आत करून ठेवला आणि खण बंद केला.

पोस्टमास्तरांना ते फार लागले. "एका चाकासाठी माणूस इतकं करतो?"

"बाबांनी बावीस वर्षं ती चाकं रोज सकाळी हाताने तपासली आहेत, काका," पुतणी म्हणाली. "सहा होती."

फिटरकाका तेव्हा तिथेच बसले होते. ते तडक घरी आले. दाराशी चप्पल काढता काढता म्हणाले, "ऐकतेस का? मी दादाला रणगाडा करून देणार."

"खेळण्यातला?"

"चालणारा. दादा चालवायचा तसा, दोन दांड्यांनी. रिमोटच्या पेटीला खरे दोन दांडे लावीन. विकतचं एकही चाक नाही. सहा म्हणजे सहा."

"आणि त्यात एक जरी चूक सापडली तर?"

"तर तोही खणात जाईल," काका म्हणाले. "आणि मग दादा कायमचाच गप्प राहील."

काकूंना माणूस माहीत होता. त्यांनी फक्त विचारले, "केवढा करणार?"

"सहापट लहान."

हे सहापट लहान ठरले ते एका फोटोवरून. दादांच्या घरी भिंतीवर एकच फोटो होता. शिकाऊ असतानाचे दादा, शेजारी रणगाडा. दादांची उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे सहासष्ट इंच. सहापट लहान दादा अकरा इंचांचे. काकांनी फोटोतल्या दादांचे अकरा भाग पाडले आणि त्या एका भागाने सगळा रणगाडा मोजून काढला. पोटाखालून जमिनीपर्यंत किती दादा, तोफ किती दादा, चाक किती दादा. महिनाभर त्यांच्या वहीत हीच आकडेमोड चालू होती. स्वतःच्या थोरल्या भावाला मोजपट्टी करून केलेले ते काम बघून काकू मनातल्या मनात थक्क होत, पण तोंडावर म्हणत, "बिचाऱ्या भाऊजींना निदान विचारलं तरी होतंत का?"

आकडे काकांचे, पण रेघ मारायची म्हटली की काकांचा हात आता थोडा थरथरे. तेव्हा असे ठरले की माप काकांनी सांगायचे आणि खाकी कागदावर पूर्ण आकारात नमुना बेतायचा तो काकूंनी. तो कागद पत्र्यावर ठेवून काका पत्रा कापणार.

"माप तुम्ही सांगा," काकू गळ्यात टेप अडकवून म्हणाल्या. "बेतते मी."

त्या बेतू लागल्या की हातात कात्री आहे असे वाटतच नसे. कागद आपणहून दुभंगत जाई. एकेका तुकड्यावर त्या सवयीने नावही घालत. काकांना 'पुढचा पत्रा, मागचा पत्रा' असे हवे असे. काकूंच्या अक्षरात 'पुढची बाजू', 'पाठ', 'डावी बगल', 'उजवी बगल' आणि 'कंबर' असे येई.

"रणगाड्याला कंबर?"

"मग तुम्ही याला काय म्हणता?"

काकांनी वहीतही 'कंबर' असेच लिहून घेतले. 

अशा रीतीने चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत त्या मागच्या खोलीत जे घडले, त्याचे वर्णन करायला आज शब्द अपुरे पडतात. जुन्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्या कापून काकांनी रणगाड्याच्या चालत्या पट्ट्यासाठी एकेक कडी केली. एका बाजूला एकोणऐंशी, दुसऱ्या बाजूला एकोणऐंशी. प्रत्येक कडीला दोन भोके, मधून खिळा, आणि हातात धरून वाकवली की सापासारखी वळली पाहिजे. बाराही चाके त्यांनी लेथवर वळवली. खऱ्या रणगाड्याच्या पत्र्यावर बोल्टांची गोल डोकी दिसतात, तिथे काकूंच्या डब्यातली चारशे बारा टिचबटणे बसली. पुढचे दोन दिवे काकूंच्या, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानांचे झाले. पुतणीने टॉवेल उचलले आणि खुर्चीच्या दोन्ही मोटारी काढून दिल्या.

"बाबा तसेही तिच्यावर बसत नाहीत," ती म्हणाली. "आता निदान चालवतील तरी."

पण धडाचे पत्रे जोडले त्या दिवशी काकांचा चेहरा पडला. चाकांचे आस वीस इंचांचे तयार होते आणि धड निघाले एकवीस इंचांचे. लांबीलाही इंच जास्त, उंचीलाही इंच जास्त. सगळीकडे नेमका एक इंच.

नेमका एक इंच म्हटल्यावर काकांना कारण शोधायला लांब जावे लागले नाही. त्यांच्या पोलादी पट्टीचे टोक झिजून गेले होते. तीस वर्षे ते एकच्या खुणेपासून मोजत आणि आलेल्या मापातून एक वजा करत. कारखान्यात नवे फिटर त्यावरून हसत, पण काकांचा वजा एक कधी चुकला नव्हता. आता चुकला. आपण म्हातारे झालो, वजा करायचे विसरलो, आणि तेही भावाच्या कामात, अशी त्यांची खात्रीच झाली.

काकूंना सांगायचे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी गुपचूप नवे आस वळवले. पट्टे अपुरे पडले, म्हणून दोन्ही बाजूंना चार चार कड्या वाढवल्या. एकेका कडीला अर्धा दिवस लागे.

"अजून कड्याच चालल्यात?" वरून पोस्टमास्तर विचारत. "हा रणगाडा आहे की आगगाडी?"

"पट्टा जरा सैल बरा असतो," काका सांगत. आयुष्यात त्यांनी सैल ठेवलेली ही पहिलीच वस्तू.

घुमटाचे माप वहीत तेरा इंच होते. धड एक इंच मोठे, म्हणून घुमटही एक इंच मोठा करावा, म्हणजे सगळे प्रमाणात दिसेल, असा त्यांनी विचार केला. खोडरबराने तेरा खोडून चौदा लिहिले आणि वही काकूंच्या पुढे ठेवली.

आता त्याच सुमाराची काकूंची बाजू. काकू एके सकाळी कपाट आवरत होत्या. खाली जुने खाकी नमुने पडले होते. 'कंबर' असे लिहिलेला कागद त्यांनी उचलला, उजेडाकडे धरला आणि मटकन खाली बसल्या. कागदाच्या कडेपासून अर्धा इंच आत, चारही बाजूंनी, पेन्सिलीची तुटक रेघ होती.

शिलाईची रेघ. कापड बेतताना शिवणीसाठी कडेने अर्धा इंच माया सोडायची, हे काकूंच्या बोटांना इतके ठाऊक होते की डोक्याला विचारायची गरजच पडत नसे. त्यांनी रणगाड्याला माया सोडली होती. पुढच्या बाजूला, पाठीला, दोन्ही बगलांना, कंबरेला.

"पत्र्याला शिलाई कुठे असते गं बाई," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

बाहेरून कानशीचा आवाज येत होता. काका वाढीव कड्या घासत होते. त्या कशासाठी वाढल्या ते आता काकूंना कळले. ज्या बाईच्या विसाव्या थराची कड पहिल्याला जुळते, तिने भाऊजींच्या रणगाड्याचे कपडे करून ठेवले होते, आणि तेही वाढत्या अंगाचे.

सांगावे असे दोनदा त्यांच्या ओठांवर आले. पण धड जोडून झाले होते, टिचबटणेही बसली होती. मग त्यांनी त्यांच्या मते शहाणपणाचे केले. धड इंचाने मोठे झाले आहे, तेव्हा घुमटही इंचाने मोठा बेतावा, कुणाला कळणार नाही. वहीत चौदा होते. काकूंनी पंधरा धरले. ते चौदा आधीच तेराचे झालेले आहेत, हे त्यांना कुठून कळावे? आणि मन असे अपराधाने भरलेले असताना कात्री चालवली, की कात्री आपल्या सवयीने चालते. पंधरावर पुन्हा चहूबाजूंनी अर्धा इंच सुटला. कागदावर त्यांनी नाव घातले, 'गळा'.

तर असा तेराचा सोळा झालेला तो घुमट वाढदिवसाच्या आधी तीन दिवस धडावर बसला, आणि दोघांनीही त्याची तारीफ केली.

पुढची सगळी संकटे त्या डोक्यातूनच निघाली. घुमट जड, त्यामुळे रणगाडा थांबला की पुढे वाकून नमस्कार करी. तोल सांभाळायला मागे वजन हवे, म्हणून काकूंच्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या पोटात गेल्या. इस्त्र्यांमुळे मागची बाजू दबली, म्हणून मागच्या स्प्रिंगा बदलल्या. एवढ्या वजनाने मोटारी धापा टाकू लागल्या, म्हणून बॅटरी मोठी आली, आणि ती आली म्हणून वजन आणखी वाढले. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात चाचणी घ्यायची तर चौघांनी मिळून तो बाहेर आणला. काकांनी पेटीवरचे दोन्ही दांडे पुढे केले. रणगाडा सरळ गेला, काकूंच्या बसायच्या लाकडी पाटावर चढला, आणि पलीकडे उतरला तेव्हा पाटाच्या दोन फळ्या झाल्या होत्या.

जिन्यात, खिडक्यांत, दारांत माणसे उभी होती. कुणी हसले नाही. दोन्ही पट्टे मिळून एकशे सहासष्ट कड्या एकामागून एक जमिनीवर उतरत होत्या आणि मागे दोन समांतर ओळी उमटत होत्या. इतके दिवस वरून टोमणे मारणारे पोस्टमास्तर कठडा घट्ट धरून उभे होते.

"हे तुम्ही हाताने केलंत?" त्यांनी विचारले.

"हिनं बेतलं," काका म्हणाले. "मी कापलं."

"मी काही वाईट म्हटलं नव्हतं हं कधी," पोस्टमास्तर म्हणाले, आणि जरा वेळाने, अगदी हळू, "डोकं तेवढं जरा…"

"काय?" काका आणि काकू एकदमच म्हणाले.

"काही नाही. रुबाबदार आहे."

त्या संध्याकाळी काका शिवणयंत्रामागे काही तरी शोधत होते. काकूंनी विचारले तर म्हणाले, "पक्कड." काकूही थोड्या वेळाने काकांच्या वह्या चाळताना दिसल्या. काकांनी विचारले तर म्हणाल्या, "धुण्याचा हिशेब." दोघांनाही आपापल्या उत्तराबद्दल शंका होती, पण कुणी अधिक विचारले नाही.

वाढदिवसाच्या आदल्या रात्री झोपताना मात्र काकू म्हणाल्या, "अहो, उद्या नाहीच दाखवला तर?"

"दादाच्या पोरीनं अख्ख्या गल्लीला सांगितलंय."

"भाऊजींना एका चाकाचा फरक कळतो."

"माहीत आहे."

"मग?"

काकांनी कूस बदलली. "चाकं सहा आहेत," ते म्हणाले. "देव करो आणि दादा चाकांपाशीच थांबो."

वाढदिवसाच्या दुपारी अंगण भरून गेले. मधोमध चादरीखाली रणगाडा होता. पुतणी दादांना घेऊन आली. इस्त्रीचा सदरा, हातात काठी, नजर जमिनीकडे. त्यांना खुर्चीवर बसवले. काकांनी काही बोलायचे ठरवले होते, पण त्यांनी सरळ चादर ओढली.

दादांनी मान वर केली.

 मग त्यांचे डोळे खाली गेले आणि ओठ हलू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ते उठले आणि काठी टेकत पलीकडे गेले. तिकडचीही मोजली. काकांच्या छातीवरून ओझे उतरल्यासारखे झाले. इतक्यात दादांची नजर वर चढली आणि घुमटावर जाऊन थांबली.

 दादांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. काठीविना दोन पावले पुढे आले. वाकले. घुमटाच्या पुढे आलेल्या त्या फुगीर भागाखाली त्यांनी तळहात घातला आणि तिथेच ठेवला.

काकूंना राहवले नाही. "भाऊजी, चूक माझी आहे, मी…"

"दादा, माप माझं चुकलं, तिचा काही…" काकाही त्याच क्षणी बोलले.

दादांनी दुसरा हात वर केला. 

"ढब्बू," दादा म्हणाले.

दीड वर्ष न उघडलेल्या कुलपासारखा तो आवाज होता. पुतणीच्या हातातला पेला तिरका झाला आणि सरबत तिच्या पायांवर सांडले, तरी तिला कळले नाही.

ढब्बू हे नाव त्या घराला नवे नव्हते. दादा नोकरीत असताना पत्रांत लिहीत, 'मी आणि ढब्बू खुशाल आहोत. ढब्बूला थंडीत सकाळी उठायला फार त्रास होतो.' तो दादांचा कुणी जाडजूड सोबती असावा, असे सगळे धरून चालले होते. बिचाऱ्याला घरून कुणी पाठवत नसेल म्हणून आई दर हिवाळ्यात दादांबरोबर ढब्बूसाठीही लोकरीच्या मोज्यांचा एक जोड विणून पाठवी. पार्सलावर दोन नावे कशी लिहायची यावरून तिचा तेव्हा तरुण असलेल्या याच पोस्टमास्तरांशी दर वर्षी वाद होई.

"दादा, ढब्बू म्हणजे…" काकांनी विचारले.

"हाच." दादांनी घुमटावर थाप मारली. "खालचं धड आमचं. वरचा घुमट फुटला होता. वर्कशॉपात त्या जातीचा दुसरा नव्हता. दुसऱ्या मोठ्या गाड्याचा होता, तोच बसवला. म्हणाले, आठवडाभर चालवा. अकरा वर्षं चालवला." त्यांनी घुमटावरून हात फिरवला. "असा गाडा कागदावर कुठेच नव्हता, म्हणून साहेबानं फोटो काढू दिला नाही. पत्रात गाड्याबद्दल लिहायची बंदी. मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही." मग ते काकांकडे वळले, आणि धाकट्या भावाकडे त्यांनी असे कधीच पाहिले नव्हते. "तुला कुणी सांगितलं?"

काकांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी टेपचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"मोजून केलाय," काका म्हणाले.

पोस्टमास्तर पुढे सरसावले. "म्हणजे ती मोज्यांची पार्सलं मी इतकी वर्षं रणगाड्याला पाठवत होतो?"

"हो."

"रणगाडा पायात मोजे घालतो?"

"दांड्यांना घालायचो," दादा म्हणाले. "थंडीत लोखंड हाताला चिकटायचं. आईचे मोजे अगदी बरोबर बसायचे."

त्यानंतर दादांना खुर्चीवर बसवून काकांनी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. दादांनी दोन्ही दांडे धरले. बोटे वाकडी झाली होती, पण दांड्यांवर पडताच ती आपापल्या जागी गेली. रणगाडा हलला. काकांनी चालवला तेव्हा तो एक यंत्र होता. आता तो चालत होता. तुटलेल्या पाटाशी थबकला, बाजूने वळला, तुळशीएवढ्या एका रोपाला वळसा घातला, एकही पान न दुखावता, आणि परत येऊन बरोबर काकूंच्या पायांपुढे उभा राहिला. पुढे वाकून त्याने हलकासा नमस्कार केला. आतून खणखण आवाज आला.

"आत काय वाजतंय?" दादांनी विचारले.

"माझ्या इस्त्र्या," काकू म्हणाल्या.

"असू देत. खऱ्या ढब्बूतही काही ना काही वाजायचंच."

पुतणी जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. तिला बघून दादा म्हणाले, "तू का रडतेस? सरबत आण. हे सगळे केव्हाचे उभे आहेत." मग त्यांनी दांड्यांवरून तळहात फिरवला. "थंड आहेत," ते म्हणाले.

काकू लगेच पुढे झाल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी दांड्यांची लांबी घेतली, घेर घेतला. काका रणगाड्यापाशी गुडघ्यांवर बसून चाकांतली माती काढत होते. काकूंनी हळूच विचारले, "अहो, लोकर आहे घरात. पण माप अगदी नेमकं धरते, हं?"

"नेहमीसारखंच धर," काका वर न बघता म्हणाले. "चहूबाजूंनी अर्धा इंच सोडून."

काकूंच्या हातातली टेप थांबली. काकांच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेल्या खाकी कागदाचे टोक बाहेर आले होते. त्यावर त्यांच्याच अक्षरात 'गळा' असे लिहिलेले दिसत होते.

"केव्हा सापडला?"

"परवा. पक्कड शोधताना."

"आणि बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी काय बोलणार?" काकू म्हणाल्या. "तुमच्या वहीत तेराचे चौदा केलेले मलाही दिसले. खोडरबर नीट फिरवत जा."

काकांनी काही तरी उत्तर द्यायला तोंड उघडले. पण मागून दादांचा आवाज आला.

"अरे, बोलत काय बसलात दोघं? केव्हापासून सांगतोय, डावा पट्टा सैल आहे. चार कड्या जास्त झाल्यात. उजवाही बघा. आणि ती तोफ जरा वर घ्या. आणि हे दिवे कसले लावलेत, टोपणं आहेत का? ढब्बूचा डावा दिवा फुटका होता. तो फोडा."

दीड वर्षाचे साचलेले सगळे त्यांना त्याच दुपारी सांगायचे होते. पुतणी सरबत घेऊन आली तरी ते थांबले नाहीत. काका आणि काकू शेजारी शेजारी जमिनीवर बसले आणि मुकाट्याने कड्या मोजू लागले.